किन्हीराजाच्या कोठ्यातली मिलटरी गाडी

लोक काशीला जातात, रामेश्वराला जातात आणि परत आल्यावर लिहितात. मी किन्हीराजाला जाऊन आलो. वाशीमहून ते काही दूर नाही. उन्हाळ्यात सकाळी निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला तिथं पोचतो. पण मी भादव्यात गेलो, साठी उलटल्यावर गेलो, आणि माझ्यासोबत मोटारीची बॅटरी होती. भादव्यातल्या काळ्या मातीतून ज्यानं बॅटरी नेली नाही, त्यानं मला प्रवास शिकवू नये. माझी शाळा तिसरीपर्यंत. जसं झालं तसं लिहितो.

जाण्याचं कारण आधी सांगावं लागेल. माझ्याजवळ एक मिलटरी गाडी आहे. लढाई संपल्यावर सरकारनं लष्कराचे ट्रक ढिगानं लिलावात काढले, तेव्हा मी आणि रहीमभाईनं मिळून एक गाडी उचलली. रहीमभाई लढाईत ब्रह्मदेशापर्यंत याच जातीची गाडी हाकून आला होता. मी लोहार, बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवता चढवता मोटारीचा मिस्त्री झालो. त्यानं हाकायची, मी जिती ठेवायची, अशी आमची वाटणी. दहा वर्षं ठेवली. या गाड्यांचं नवं सामान कुठं मिळत नाही. बनवणारे समुद्रापार आणि त्यांनीही बनवणं केव्हाच सोडलं. एक गाडी मरते तेव्हा तिच्या अंगातलं काढून दुसरी जगवायची, असा हा धंदा. मी पत्र्याचा सायलेन्सर केला, मोटेच्या चामड्याचे वायसर केले. तिची मूळची मिलटरी चाकं तर पहिल्याच वर्षी काढून टाकली, त्या मापाचे टायर मिळेनात म्हणून. साध्या लॉरीची चारही चाकं बसवली, आणि गेल्या वर्षी त्यांवर कोरे टायर घातले. चाकांकडे पाहून कुणीही म्हणेल, गाडी नवी आहे.

पण आषाढात तिच्या मागच्या आसातला पिनियन तुटला. इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारा हा दात्यांचा लहानसा तुकडा. तो गावच्या भट्टीत होत नाही असं सगळे म्हणाले. मी केला. दोनदा केला. दोन्ही वेळा पहिल्या कोसातच दाते झडले. तिसऱ्यांदा करणार होतो, पण रहीमभाईनं घण लपवून ठेवला.

दसऱ्याच्या पुढं कापूस निघतो. तोवर गाडी चालती झाली नाही तर रहीमभाईला पोटासाठी नागपूरकडे कुणाच्या तरी गाडीवर जावं लागणार आणि आमची गाडी भंगारात जाणार. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

अशात कळलं की किन्हीराजाला अनसूयाबाई नावाच्या कास्तकारणीच्या कोठ्यात याच जातीची गाडी उभी आहे. बाईच्या नवऱ्यानं आमच्याच लिलावात घेतलेली. तो तापानं गेला, त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून ती बैलांशेजारी उभी. बाईचा सालदार गडी नामदेव बाजाराला वाशीमला येतो. त्याच्यापाशी मी निरोप धाडला, मेलेल्या गाडीचा पिनियन द्या. आठ दिवसांनी उलटा निरोप आला. नामदेवनं तो बाईच्याच शब्दांत सांगितला.

"जनावर मेलं का जितं हे पायल्याबिगर त्याची खाल काढाची काय? मिस्त्रीनं सोता यावं. गाडी आपल्या पायानं कोठ्याच्या भायेर दहा पावलं आली तर ती जिती, तिले हात लावाचा नाई. नाई आली तर मेली. मंग पायजे ते काढून न्यावं."

मला हे रास्त वाटलं. पाच वर्षं कोठ्यात उभी असलेली गाडी कुठली बाहेर येते! एक दिवस देखावा करायचा आणि पिनियन पोत्यात घालून निघायचं. तसं मी रहीमभाईला म्हटलं.

तो विडी ओढत होता. म्हणाला, "कोशिश तर इमानदारीनं करशीन ना?"

"म्हंजे काय! मी काय लबाड हाय?"

"मंग कशी नाई येनार भायेर?"

याचा मी विचारच केला नव्हता.

जऊळका

आगगाडीत बॅटरी पोत्यात गुंडाळून पायांशी ठेवली होती. बाईची गाडी चालू करून पाहायची तर बॅटरी लागणारच. पेट्रोलचा डबा नामदेवनं जवळच्या मालेगावहून आणून ठेवला होता. गाडीच्या हिसक्यांनी बॅटरीतलं तेजाब सांडत गेलं. ते मला जऊळक्याच्या ठेसनावर उतरल्यावर कळलं, मला म्हणजे आधी इतरांना. रहीमभाई मागून हळूच म्हणाला, "मिस्त्री, सीधा चाल. मागं वळू नको."

नामदेव बंडी घेऊन आला होता. वाळलेला, काटक माणूस, पन्नाशीचा असेल. पोळा होऊन तीनच दिवस झाले होते. बैलांच्या शिंगांवरचा लाल रंग अजून ओला वाटावा असा चमकत होता. त्यानं रामराम केला आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मिस्त्री, हे धोतर हाय का चाळनी?"

"तेजाब सांडलं."

"मंग फेकू नोका जी. ज्वारी चाळाले कामी पडन."

पहिल्या भेटीत माणसानं असं बोलू नये. वाशीमात कुणी बोलत नाही. पण त्याच्या बंडीत बसायचं होतं, म्हणून निमूट बॅटरी वर चढवली.

बंडीत बसणं पाव कोसच झालं. काळी माती चाकाला चढत गेली आणि चाक जात्यासारखं जाड झालं. बैल थांबले. मग आम्ही तिघं खाली उतरलो, बॅटरी वर राहिली. उरलेली सारी वाट मी बॅटरीच्या मागं मागं चिखलातून चाललो आणि ती दिवाणासारखी बंडीत बसून पुढं. गुडघे बोलत होते. दोन्हीकडे ज्वारी कमरेला आलेली, कापसाच्या पऱ्हाटीला पिवळी फुलं, मधल्या ओळींत बायका मुगाच्या शेंगा तोडत होत्या. एरवी मी थांबून पीक पाहिलं असतं. त्या दिवशी मला फक्त पुढचं पाऊल दिसत होतं.

एका नाल्याला पाणी आलं होतं. ते उतरेपर्यंत काठावर बसलो. नामदेवनं फडक्यातून कळण्याची भाकर आणि ठेचा काढला, वावरातून बरबटीच्या कोवळ्या शेंगा आणल्या. खाता खाता तो गाडीबद्दल सांगू लागला.

"आमची गाडी पोळ्यात असते जी."

"गाडी? पोळ्यात?"

"मंग! आदल्या दिशी बैलाचे खांदे तूप-हयदीनं मळतो, तसे तिचे बी मळतो."

"तिले खांदा कुठून आला बे?"

"पुढं ती आडवी पट्टी नाई का लोखंडाची, तोच खांदा. मंग आवतन देतो. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

रहीमभाईनं विचारलं, "आन जेवते का मंग?"

"खात नाई. पन घरचं जनावर हाय. साऱ्यायले आवतन द्याचं आन तिलेच सोडाचं काय?" मग तो आणखी खुलला. "चाकात हवा भरतो. सायकलचा पंप आनतो, सारं गाव पाळीपाळीनं मारते. सकायपासून दुपार होते. पोळ्याले काय लुळं जनावर उभं कराचं? आन शिंगाचा रंग उरते, तो तिच्या चाकायले लावतो. लालबुंद दिसते."

मी हसलो. आमच्या वाशीमात गाडीची पूजा दसऱ्याला होते, हत्यार म्हणून. कुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. यांच्याकडे पोळ्याला होते, जनावर म्हणून. खेड्यातली माणसं, असं मनाशी म्हणालो. त्या हसण्याची आता लाज वाटते. नामदेवनं जे सांगितलं त्याचा नीट विचार केला असता, तर दुसऱ्या दिवशीचं टळलं असतं.

किन्हीराजा

दिवेलागणीला पोचलो. अनसूयाबाई कोठ्याच्या दारात उभी होती. उंच, मोकळं कपाळ, बोलणं मोजकं. तिनं पाय धुवायला ऊन पाणी दिलं. माझ्या धोतराकडे पाहिलं, आत गेली आणि पेटीतलं एक घडीचं धोतर आणून ओट्यावर ठेवलं.

"त्यायचं हाय. नेसलं नवतं कधी. नेसा."

मी म्हटलं, "नाई बाई, वाळन ते."

"वाळलं तरी भोकं बुजनार हायत काय?"

नेसलो. जेवायला कढीगोळे आणि भाकर होती. आमच्या घरी कढीगोळ्यांत डाळ भरड ठेवतात, इथं बारीक वाटतात. मला भरड आवडते. पण त्या दिवशी तीनदा वाढून घेतले.

मग कंदील घेऊन गाडी पाहिली. एका बाजूला सहा बैल, मग एक गाय, मग गाडी. तिच्यापुढं गव्हाणही होती, रिकामी. तोंडावर हळद, पट्टीवर तूप वाळलेलं, चारही चाकं लाल. मागं कोंबड्या झोपलेल्या आणि हाकणाऱ्याच्या जागेवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. नामदेवनं तिला अंड्यांसकट टोपल्यात घेतलं. त्यावर तिनं माझ्याच बोटाला चोच मारली.

इंजिन गंजून धरलेलं असणार, म्हणून सहाही प्लग काढून भोकांत रॉकेल आणि करडीचं तेल ओतलं. तेल बाईनंच दिलं. म्हणाली, "लागन तितकं घ्या. उपाय नाई केला असं नोको व्हायले."

मला वाटलं होतं तिला गाडी मेलेलीच हवी असेल, डोळ्यांसमोरून गेली म्हणजे सुटली. तसं नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी इंजिन हँडलनं फिरलं. जड, पण फिरलं. रहीमभाईनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. मग सहा बैल जुंपून गाडी जरा ओढून पाहिली. तीन चाकं फिरली, मागचं उजवं घासत आलं. आतला ब्रेक ड्रमला गंजून चिकटला होता. चाक उतरवून ड्रम ठोकावा लागणार.

आता इथं मिलटरी चाकाचं थोडं सांगतो. या चाकाचे दोन भाग असतात, दोन परातींसारखे एकमेकांवर ठेवलेले, मधे टायर. त्यावर नटांचे दोन वेढे. मधला वेढा चाकाला आसावर धरतो. बाहेरचा वेढा त्या दोन परातींना एकमेकींशी धरून ठेवतो. टायरात हवा असताना बाहेरचे नट सोडले तर आतला सगळा जोर एकदम सुटतो. म्हणून लष्करात ते नट लाल रंगवत. रहीमभाईनं पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, लाल नटाला हात लावायचा नाही. पण आमच्या गाडीची ती चाकं केव्हाच गेली होती. नियम त्याच्या तोंडी राहिला, माझ्या हाताला तो कधी लागलाच नाही.

ठोकण्यासाठी लाकडी ठोकळा हवा होता, तो पाहायला रहीमभाई सुताराकडे निघाला. जाताना म्हणाला, "आधी हवा सोड. आन लाल नटायले हात नोको लावू."

हवा सोडायची म्हणजे पुन्हा साऱ्या गावानं दुपारपर्यंत पंप मारायचा. माझी कंबर धरलेली. हवा राहू दिली.

मधले नट काढले. चाक हलेना. गंजानं ते आपल्या जागी घट्ट बसलं होतं. मी तसा विचार करायला हवा होता. पण मला वाटलं, आणखी कशानं तरी धरलंय. बाहेरच्या वेढ्याकडे पाहिलं. तेही नट लाल, मधलेही लाल, रिमही लाल, टायरच्या कडेवरही लाल ओघळ. मला कालचं नामदेवचं बोलणं आठवलं, शिंगाचा रंग उरतो तो चाकाला लावतो. म्हटलं, हा पोळ्याचा लाल, हा काही मिलटरीचा लाल नव्हे.

पाना घातला. नामदेव चाकासमोर उकिडवा बसून नट गोळा करत होता. एक काढला, दुसरा काढला, तिसरा फार घट्ट होता, जोर केला. पाचवा ढिला करून सहाव्याला लागलो.

ओट्यावरून बाईनं हाक मारली, "नामदेव, वासरू सुटलं रे."

तो उठला. दोन पावलं गेला असेल.

आवाज मी नीट ऐकलाही नाही. कान बंद झाले. मी चाकाच्या बाजूला पाना लांब धरून बसलो होतो, म्हणून वाचलो. पाना हातातून गेला आणि मी शेणात पडलो. उठून पाहिलं तर चाकाची समोरची परात पलीकडच्या मेढीला, कोठ्याच्या लाकडी खांबाला, लागून ती मेढ मधून फुटली होती. परात खाली पडून वाकली होती. जिथं नामदेव बसला होता त्या जागेच्या अगदी समोरची ती मेढ. त्यानं गोळा केलेले नट तिथंच, एका रेघेत ठेवलेले.

नामदेव वासराची दोरी धरून उभा होता. बैल दाव्याला ओढ देत होते. बाई ओट्यावरून उतरून आली. आधी नामदेवच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझा डावा हात पाहिला. सोलला होता. हळद लावून फडकं बांधलं.

नामदेव म्हणाला, "वासरू काहून सुटलं व्हतं, काय मालूम." आणि एकदम खाली बसला.

रहीमभाई ठोकळा घेऊन आला. मेढीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. एक नट उचलला आणि चाकूनं खरवडला. वरचा लाल निघाला, खाली पुन्हा लाल. मग मधला एक नट खरवडला. वर लाल, खाली मिलटरीचा हिरवा. दोन्ही माझ्यासमोर ठेवले.

"चाकू तुह्यापाशी बी व्हता," एवढंच बोलला.

मी चाळीस वर्षं लोखंड ओळखतो. लोखंडानं कधी मला फसवलं नाही, त्या दिवशीही नाही. मी खरवडून पाहिलं नाही, एवढंच खरं आहे.

संध्याकाळपर्यंत, उरलेल्या तीन चाकांचे बाहेरचे नट मी एकेक करून खरवडले आणि त्यांना चुना लावला. नामदेवला दाखवले. तो म्हणाला, "पुढच्या पोळ्याले एवढे सोडून रंगवतो जी." तो मला अजूनही जी म्हणत होता.

तिसरा दिवस

ड्रम सुटला. त्या जागी गाडीबरोबरचं जादा चाक चढवलं. त्याचा टायर कुजका होता, पण दहा पावलांपुरता चालला असता. गावातल्या माणसांनी पाळीपाळीनं पंप मारला. कुणी मला काही बोललं नाही, आणि तेच जड वाटत होतं. आमच्याकडे असं झालं असतं तर माणसं दोन दिवस बोलत राहिली असती.

उरलं इंजिन. पॉइंट घासले, प्लग साफ केले, बॅटरी जोडली. ठिणगी चांगली पडत होती. पेट्रोल ओतलं. रहीमभाईनं वीस-पंचवीस हँडल मारले. इंजिन नुसतं श्वास टाकत होतं, पेटत नव्हतं.

रहीमभाई घाम पुसत माझ्याजवळ आला. बाई ओट्यावर बसून मूग निवडत होती, नामदेव तिच्याशी काही बोलत होता. हा माणूस मला वाशीमात इमानदारी विचारत होता. आता हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, हात दुखून राह्यला तुह्या. नाई लागली तर नाई लागली. कोनी काई म्हननार नाई."

त्याचं चुकत नव्हतं. नागपूरला त्यालाच जायचं होतं, बायकोमुलं इथं टाकून.

मी पेट्रोलची नळी कार्बोरेटरपाशी सोडली आणि तिच्या तोंडात बोट घातलं. आत माती लागली. कुंभारीण माशीनं नळीत घर केलं होतं, दगडासारखं. इतकंच होतं. ही चिमूटभर माती तशीच राहू दिली आणि नळी परत लावली, की गाडी मेली. मग बाई आपल्या तोंडानं म्हणेल, न्या. पिनियन पोत्यात, दसऱ्याला गाडी रस्त्यावर, रहीमभाई वाशीमात. माझ्या बोटाला काय लागलं ते कुणालाच कळणार नव्हतं.

मी मोठा धर्मात्मा नाही. पण समोर ती फुटलेली मेढ होती. कोठ्याला टेकू म्हणून तिला नामदेवनं सकाळी एक बल्ली बांधली होती. काल न पाहता हात घातला, आणि आज हाताला लागलेलं लपवायचं, हे मला जमेना. अंगात ताकदच नव्हती म्हणा.

"तार दे," मी म्हटलं.

रहीमभाईनं माझ्या बोटाला लागलेली माती पाहिली. त्याला कळलं. खिशातून तार काढून दिली.

अकराव्या हँडलला इंजिन लागलं. काळा धूर, मग निळा. कोंबड्या उडाल्या, गायीनं दावं तोडलं. रहीमभाई धावत जाऊन आत बसला आणि दार ओढलं. ते लागलं नाही. त्यानं पुन्हा आपटलं, तेव्हा लागलं.

बाई उठून उभी राहिली होती. दार दुसऱ्यांदा आपटलं तशी तिनं पदर तोंडावर घेतला. नंतर मला म्हणाली, "एका डावात कधीच नाई लागाचं ते. ते बी असेच दोनदा आपटाचे."

गाडी निघाली. नामदेव तिच्यापुढं उलट्या पावलांनी चालत होता, बैलाला बोलावतात तसा. "चाल माय, चाल. पाच. सा. चाल. सात." दहाच्या पुढं गेली. चौदाव्या पावलाला कुजक्या टायरनं जीव सोडला आणि गाडी उजवीकडे बसली. पण इंजिन चालूच होतं. बाहेरच्या उजेडात ती फार जुनी दिसली. हळद, तूप आणि चुना, सगळं एकात एक.

बाई जवळ आली. "जिती हाय."

"हाय."

"मंग तुमचं सामान?"

"जित्याचं काढत नाई, बाई. तुमीच तर म्हनलं व्हतं."

ती माझ्या अंगावरच्या धोतराकडे पाहत होती. काजळीनं भरलं होतं. मी म्हटलं, धुवून पाठवतो. ती म्हणाली, कायले पाठवता, राहू द्या.

परत

बंडीत पोतं रिकामंच होतं. बॅटरी तिथंच ठेवली, तिला लागणार म्हणून. वाट जराशी वाळली होती, बसून गेलो. नामदेव बैलांशी बोलत होता. रहीमभाई जऊळक्याला ठेसनाच्या बाकावर बसल्यावर म्हणाला,

"बाईनं इचारलं मले. गाडी चालवशीन काय म्हनून. कापसाच्या दिवसात. इथूनच."

"तू काय म्हनला?"

"म्हनलं, मिस्त्रीले इचारतो."

"त्यात मले काय इचाराचं? मी काय तुह्या बाप हाय?"

"दहा वर्सं झाले," तो म्हणाला.

मी रुळाकडे पाहत बसलो. नागपूरपेक्षा किन्हीराजा जवळ. बायकोमुलांना पंधरा दिवसांत एकदा तरी भेटता येईल. मग म्हटलं, "हो म्हन. पन कुजक्या चाकावर हाकशीन काय? चौदा पावलं जाते फकत."

"मंग चाकं कुठून आनाचे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विडी विझवून कानावर ठेवली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको अंगणात होती. तिनं पोतं हातात घेऊन पाहिलं, हलकं लागलं.

"सामान आनलं नाई काय?"

"आनाचं नाई. न्याचं हाय."

"काय न्याचं?"

"चाकं. चारही."

तिनं मागं उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पंचेचाळीस वर्षांचा संसार, तिला जास्त सांगावं लागत नाही. फक्त म्हणाली, "आन हे धोतर कोनाचं?"

"गाडीवाल्याचं."

हात धुतले, पाणी प्यालो. आसाखाली दगड रचले, जॅक लावला. नट दिसत होते तरी आधी चाकूनं खरवडून पाहिले. मग पाना घातला. पहिला नट फार घट्ट होता. मीच आवळलेला.